सहभाग : वेठ की वाटा?

‘लोकसहभाग’ हा शब्द आज शासकीय परिपत्रकांपासून विद्यापीठीय चर्चासत्रांपर्यंत सर्वत्र आदराने उच्चारला जातो. गावाचे पाणी, गावाची माती, गावाचे कुरण गावानेच राखावे, या कल्पनेला कोण वाईट म्हणेल? परंतु दलित कार्यकर्त्याने या शब्दाला एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. या सहभागात आपला भाग कोणता? श्रमाचा की हक्काचा?

गाव चालविण्यात महाराचा सहभाग कधी नव्हता? वेशीवरचा पहारा, शिवेच्या वादात साक्ष, सरकारी साऱ्याची राखण, सांगावा पोचविणे, मेलेली ढोरे ओढणे, ही सारी कामे त्याचीच होती. त्याच्यावाचून गावगाडा एक दिवस चालला नसता. तरी त्या गाड्याची दिशा ठरविणाऱ्या बैठकीत त्याला जागा नव्हती. या वेठीला ‘वतन’ असे मानाचे नाव होते. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले.

म्हणूनच ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी, मसुद्याने गावाला नव्हे तर व्यक्तीला घटक मानले याबद्दल समाधान व्यक्त केले. ग्रामस्वराज्याचे गोडवे गाणाऱ्यांना ते फार झोंबले. परंतु गाव हा एकजिनसी समाज नाही, हे त्यांना महाडने शिकविले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये विधिमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांचे होते. २० मार्च १९२७ रोजी प्रत्यक्ष पाणी प्यायल्याबरोबर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. नगरपालिका ही ‘स्थानिक संस्था’च होती, हे येथे विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतर पाण्याचा प्रश्न वेगळ्या रूपाने पुढे आला. १९७२ च्या दुष्काळात लाखो भूमिहीनांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, नालाबांध घातले. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. त्याआधीच्या पिढीने हातात घेतली ती कुदळ. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि कामाचा हक्क मिळाला. ही मोठीच गोष्ट होय. पण तलाव भरला, पाणी मुरले, ते वर आले कोणाच्या विहिरीत? ज्याची जमीन होती त्याच्या. खोदणाऱ्याच्या हाती मजुरी पडली. पाणी पडले नाही.

या अन्यायावर एक उत्तर पुरंदर तालुक्यातील नायगावात शोधले गेले. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी दुष्काळानंतर तेथे देवस्थानची चाळीस एकर जमीन भाडेपट्ट्याने घेऊन काम आरंभिले आणि त्यातून पाणी पंचायत जन्मली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातील माणसांच्या प्रमाणात : दरडोई अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जाणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळा नदीवर बळीराजा धरण उभे केले. त्यासाठी नदीतली थोडी वाळू विकून पैसा जमविला आणि भूमिहीनांच्या वाट्याचे हेच तत्त्व स्वीकारले. गावाला नव्हे, माणसाला घटक मानणे म्हणजे काय, ते येथे पाण्याच्या भाषेत दिसते. ऊस वगळल्यामुळे पाणी पुरते, आणि पाणी पुरते म्हणून सर्वांना वाटा देता येतो. समता आणि निसर्गरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

शासनाने या प्रयोगांतून काय उचलले? महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये झाला. पाणी वापर संस्था आल्या, सहभाग आला. पण सभासद कोण, तर लाभक्षेत्रातील जमीनधारक. भूमिहीन पुन्हा बांधाबाहेर राहिला.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात ‘लँडकेअर’ चळवळ सुरू झाली. खारवट आणि धुपलेली जमीन सावरण्यासाठी शेजारी शेतकऱ्यांनी गट केले, झाडे लावली. १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी पुढचे दशकच तिच्या नावे जाहीर केले. काम मोलाचे होते. पण गट मुख्यत्वे जमीनमालकांचे होते, आणि ती जमीन ज्यांच्याकडून हिरावली होती त्या आदिवासींचा मूळ हक्क तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो ३ जून १९९२ रोजी, माबो खटल्यात. जमिनीची काळजी आधी आली, जमिनीचा न्याय मागाहून.

भिवंडीत शिकविताना हा धडा पुस्तकात शोधावा लागत नाही. १८९२ पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते. त्याचे प्रचंड नळ भिवंडी तालुक्यातून जातात. भातसाचे पाणी याच तालुक्यातील पिसे येथे उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. तानसा व भातसा ही धरणे ज्या शेजारच्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील कित्येक आदिवासी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात.

तेव्हा आपल्या गावी पाणलोटाची योजना येईल, श्रमदानाची हाक दिली जाईल, तेव्हा अवश्य जावे. पण कुदळ उचलण्यापूर्वी ग्रामसभेत उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात : अडलेले पाणी कोणाच्या मालकीचे? भूमिहीनाचा वाटा किती? आणि तो कागदावर कोठे लिहिला आहे? उत्तर मिळाले नाही, तर तो सहभाग नव्हे. ती जुनीच वेठ, नव्या नावाने.