दिनविशेष : १४ जानेवारी

१९८९ : ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्या प्रतापनगरापासून काही किलोमीटरवरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ झाल्या. या निबंधासाठी गडचिरोलीतील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत त्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तक्रार असलेल्यांची आणि नसलेल्यांचीही. ९२ टक्के जणींना एक किंवा अधिक स्त्रीरोग निघाले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के! तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, याच्या पलीकडे आरोग्ययंत्रणा फारशी पाहत नव्हती.

या आकड्यांमागच्या बायका मराठी वाचकाला भेटतात त्या राणीताईंच्या ‘कानोसा’ या पुस्तकात. झाडे आणि बायका यांचे नाते सांगणारे ‘गोईण’ही त्यांचेच. त्यांचे पती डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ घरोघरी वाचले गेले. ‘कानोसा’ही तितकेच वाचले जावे, असे मनापासून वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रतापनगरात कुणी पुस्तकाचे वाण देणार असेल, तर हे द्यावे.