रोमन नाणं मुरलं कुठं?

रोमन नाण्यांचे घसघशीत साठे मिळाले ते तमिळनाडूत आणि आंध्रात. रायगडचा किनारा त्या मानाने कोरडाच. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वाटाड्यात मात्र कल्याणनंतर सेमिल्ला आणि मंदगोरा ही बंदरं लागोपाठ येतात. सेमिल्ला म्हणजे चौल. मंदगोरा हे राजपुरी खाडीवरचं मांदाड असावं. कुड्याची लेणी तिथून जवळच. घारापुरीत तर रोमन मद्यकुंभांची खापरंही निघाली. दारू पोचली, मग पैसा गेला कुठं?

बहुधा मुशीत. भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत पेरिप्लसकार सोन्याचांदीची नाणीही धरतो आणि स्थानिक नाण्यांशी बदलली की फायदा होतो, हेही सांगून टाकतो. म्हणजे नाणं हाही मालच! भारतात मिळालेली रोमन चांदी मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियसची, म्हणजे इ. स. ६४ मध्ये नीरोने नाण्यातली चांदी घटवण्याआधीची. आपले सराफ काही कच्चे नव्हते.

या सुमारास क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाला चांदी हवी होती. नाशिकच्या लेण्यात त्याचा जावई उषवदात सत्तर हजार कार्षापणांचं दान नोंदवतो, वर पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण हा भावही देतो. एवढी चांदी रोमन नाणी वितळवून आली, असा अभ्यासकांचा कयास आहे. नहपानाचं नाणं हातात घ्या: जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूला राजाचा मुखवटा, भोवती ग्रीक अक्षरं, पण भाषा इथलीच. मागे बाण आणि वज्र, त्यांच्याभोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. एवढ्याशा नाण्यावर तीन लिप्यांचा हा थाट!

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा मारलेला. तीन कमानींच्या टेकडीखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. वितळवण्याचा खर्च वाचला, आणि राज्य कुणाचं हेही गावोगाव पोचलं.

रोजच्या बाजाराला मात्र चांदी फारशी लागत नसे. तिथे सातवाहनांची शिशाची नाणी चालत. पेरिप्लसच्या आयातीच्या यादीत शिसंही आहे.