उज्जयिनीचे फासे, आजीचा सारीपाट

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात सोंगट्या-कवड्यांविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. ग्रंथालयात शांतता पाळावयाची असते, आणि सारीपाट मांडला की घरात शांतता उरत नाही. तरीही हा विषय मी निवडला, त्याला कारण आहे. आपल्या कपाटांत ज्ञानाच्या बहुतेक शाखांची पुस्तके आहेत, परंतु ज्या विद्या केवळ तोंडातोंडी चालत आल्या, त्यांना या कपाटांत क्वचितच जागा मिळाली. घराघरांत खेळले जाणारे पटावरचे खेळ ही अशीच एक विद्या आहे, आणि ती जतन करण्याची जबाबदारी आपल्या नगरीवर इतरांहून थोडी अधिक आहे, असे मला वाटते.

अधिक अशासाठी, की संस्कृत साहित्यातील द्यूताचा एक अत्यंत जिवंत प्रसंग याच उज्जयिनीच्या रस्त्यांवर घडतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात संवाहक नावाचा, एकेकाळी अंग रगडण्याचे काम करणारा माणूस, दहा सुवर्णमुद्रा हरून द्यूतगृहातून पळ काढतो. मागोमाग द्यूतगृहाचा प्रमुख माथुर आणि जिंकलेला जुगारी धावतात. संवाहक उलट्या पावलांनी एका ओस देवळात शिरतो आणि देवाच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणाऱ्यांना संशय येतो, पण ते त्याला पकडीत नाहीत. ते तेथेच बसून डाव मांडतात. दानाचा आवाज कानी पडताच मूर्तीला राहवत नाही. ‘आता माझा डाव’ म्हणत ती खाली उतरते! पुढे वसंतसेना आपले कंकण देऊन त्याचे ऋण फेडते, तो भिक्षू होतो आणि अखेरीस तिचेच प्राण वाचवितो. हा प्रसंग पोटभर हसविणारा आहे. पण डाव मांडल्याचा आवाज ऐकून दूर राहणे किती कठीण, हे ज्याने एकदा तरी सारीपाट खेळला आहे त्याला संवाहकाकडून शिकावे लागत नाही.

या खेळांकडे आपल्या परंपरेने केवळ व्यसन म्हणून पाहिले नाही. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वतींच्या अक्षक्रीडेची शिल्पे आहेत. आमच्या माळव्याजवळच ओंकारेश्वरी आजही रात्रीच्या शयन-आरतीनंतर गाभाऱ्यात देवांसाठी चौसर मांडून ठेवतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त बुद्धिबळाचे, फाशांचे आणि कवड्यांचे खेळ राजाच्या विनोदांत गणले आहेत. मूळच्या पैठणच्या, पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचा परामर्श घेतला. धर्मशास्त्र लिहिणाऱ्या पंडिताला पट वर्ज्य वाटला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दिवाळीच्या पाडव्याला ‘द्यूतप्रतिपदा’ हे नाव आहेच. त्या दिवशी एरवी सोवळ्या असणाऱ्या घरांतही फासे निघत.

मराठी माणसे या नगरीत मोठ्या संख्येने आली ती अठराव्या शतकात, शिंद्यांच्या अमलात. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली, तरी येथे रुजलेली घरे उठली नाहीत. वाड्यांतून मराठी आणि दाराबाहेर मालवी व हिंदी, असा आमचा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुस्तकांसाठी या समाजाने वाचनालये काढली. खेळासाठी निराळे काही काढावे लागले नाही; ओसरी पुरत असे.

आमच्या घरचा पट लाल जाड कापडाचा होता. चार बाह्या, प्रत्येक बाहीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण शहाण्णव घरे, आणि मध्ये मोठा चौक. घरांच्या रेषा पिवळ्या दोऱ्याने शिवलेल्या, आणि ज्या घरांत सोंगटी मारता येत नाही त्यांवर फुल्या. लाकडी सोंगट्या सोळा : तांबड्या, पिवळ्या, हिरव्या, काळ्या. हाडाचे तीन लांबट फासे आजोबांच्या पेटीत असत आणि बहुधा पाडव्यालाच बाहेर येत, एरवी कवड्या. श्रावणातल्या पावसाळी दुपारी जेवणे आटोपली की आजी पट अंथरी. आत्या, काका, आम्ही मुले आणि शेजारच्या मालवी काकू, असा मेळा जमे. घरात ज्यांच्यासमोर आवाज चढविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती, त्या आजीची सोंगटी मारताना मात्र आम्हांला कसलीही भीड वाटत नसे. तीही राग धरीत नसे. फक्त पुढच्या दानात सव्याज परतफेड करी.

याच पटावर मी माझ्या दोन भाषांमधला फरक शिकलो. एकदा शेजारच्या काकूंच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली. त्या आनंदाने म्हणाल्या, ‘‘उसके तो पौ बारह हो गए!’’ मी धावत घरात येऊन सर्वांना सांगितले, की काकूंचा मुलगा घरातून पळून गेला. क्षणभर हलकल्लोळ माजला. खरा प्रकार उलगडल्यावर आजीने आजोबांच्या पेटीतले तीन फासे काढले आणि एकावर एक, उरलेल्या दोहोंवर सहा-सहा असे मांडून दाखविले. ‘‘हा एक, आणि हे बारा. हेच ते पोबारा,’’ ती म्हणाली. हिंदी बोलणाऱ्याला हे दान पडले की त्याचे दैव फळफळते. मराठी माणसाला तेच पडले की तो पळ काढतो. फासे तेच, दान तेच, पण दोन शेजारी भाषांनी त्यातून दोन अर्थ उचलले. मोठे दान पडले म्हणजे सोंगटी एका झेपेत दूर जाते. हिंदीने त्यातले यश पाहिले, मराठीने वेग पाहिला, असे मला वाटते. पुढे ‘मृच्छकटिक’ वाचताना संवाहक द्यूतगृहातून निसटला, तेव्हा मनात प्रथम शब्द आला तो ‘पोबारा’ हाच.

मोठ्यांचा पट मोकळा नसला की अंगणातल्या फरशीवर आम्ही कोळशाने पंचवीस घरे आखून ‘चंगा-पो’ खेळत असू. त्याला खर्च काहीच नव्हता. दोन चिंचोके घासून-फोडून केलेल्या चार फाका हेच फासे. चारही पांढऱ्या बाजू वर आल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. फुटक्या बांगड्यांचे तुकडे, खडे, शर्टाची गुंडी, डाळिंबाचे दाणे या सोंगट्या. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही, हा कडक नियम. वाघ-बकरीचा पटही असाच जमिनीवर आखला जाई. त्यात वाघ मारतो आणि बकऱ्या कोंडतात. एकट्या बकरीला काही किंमत नसते, हे आम्ही कोणी न सांगता शिकलो.

यांतले काही खेळ जगाने आपल्याकडून घेतलेही. पचिशीचे सुटसुटीत रूप १८९६ साली इंग्लंडात ‘लुडो’ या नावाने नोंदविले गेले आणि पुठ्ठ्यावर छापून आपल्याच बाजारात परत आले. परंपरा ज्याचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते, त्या मोक्षपटाच्या जातीचे पटही इंग्लंडात जाऊन ‘सापशिडी’ झाले. मोक्षपटावर काम-क्रोधाचे साप आणि सद्गुणांच्या शिड्या होत्या, शेवटचे घर मोक्षाचे. छापील सापशिडीत पुढे केवळ शंभर आकडे उरले.

आजी गेल्यानंतर काही वर्षांनी एका दिवाळीत आम्ही तिचा पट काढला. तीन सोंगट्या हरवल्या होत्या. त्यांच्या जागी गुंड्या ठेवल्या. डाव मांडला आणि पाचव्या मिनिटाला वाद सुरू झाला. एका घरात दोन सोंगट्या आल्या की त्यांचे ‘जुग’ होते, एवढे सर्वांना आठवत होते. पण जुग मारताच येत नाही, की जोडीने जोडी मारता येते? चौकात शिरताना नेमके दान लागते की नाही? काकांचे स्मरण एक, आत्याचे दुसरे, माझे तिसरे. निवाडा करणारी जागेवर नव्हती. शेवटी पट गुंडाळला आणि मुलांचा लुडो घेऊन बसलो. त्या दिवशी मला प्रथमच उमगले, की कापड, सोंगट्या आणि फासे सांभाळूनही खेळ हरवू शकतो.

याच धास्तीने की काय, औरंगाबादचे पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ साली आपल्या ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या विशाल ग्रंथात ‘क्रीडाकौशल्य’ या नावाचे प्रकरण घालून पटावरच्या अनेक खेळांची माहिती नोंदवून ठेवली. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळाला स्थान देताना त्यांना संकोच वाटला नाही. मात्र प्रत्येक घराचे नियम कोणत्याही एका ग्रंथात येणार नाहीत. ते त्या-त्या घरानेच लिहावे लागतील.

म्हणून सभासदांना आणि आश्रयदात्यांना एक विनंती करून हा लेख पुरा करतो. आपल्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींजवळ एक दुपार बसावे. पट कसा आखीत, दानांना काय म्हणत, सोंगटी मेली की काय ओरडत, तंटा झाला तर कोणाचा शब्द प्रमाण मानीत, हे एका वहीत उतरवून घ्यावे आणि ती वही ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी. शंभर वर्षांत या कपाटांनी विद्वानांचे शब्द सांभाळले. एका कोपऱ्यात आपल्या आज्यांचे नियमही राहू द्यावेत. माझ्या आत्या व काका दोघेही आता नाहीत. मला आठवतात तेवढे नियम मी लिहून काढले आहेत. जुगाच्या नियमापुढे मात्र जागा कोरी सोडली आहे.