जर्मन हवाई दलाचे बिल्ले व त्यांचे कारखानदार

दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन हवाई दलाच्या कांहीं बिल्ल्यांच्या पाठीवर ‘आर्. एस्.’ अशीं दोन रोमन आद्याक्षरें आढळतात. हीं अक्षरें व्हिएन्ना येथील रुडोल्फ सूव्हाल या कारखानदाराचीं होत. परंतु त्यांपुढें ‘आणि एस्.’ एवढी जोड आली कीं कर्ता बदलतो, आणि तोच बिल्ला बोहेमियांतील गाब्लोन्ट्झ या गांवच्या ‘रिचर्ड झिम आणि पुत्र’ या पेढीचा ठरतो. जोड झिजली किंवा यादी करणाराच्या नजरेंतून सुटली, तर एकाची वस्तु दुसऱ्याच्या नांवावर चढते. या घोटाळ्याशीं आपणांस काय कर्तव्य, असें वाचक कदाचित् विचारतील. त्याचें उत्तर असें कीं, सन १९४२ मध्यें सुभाषबाबूंनीं जर्मनींत असतांना जीं आझाद हिंद पदकें स्थापिलीं, तींही याच सूव्हालच्या कारखान्यांत घडलीं. सूव्हालचें काम ओळखण्याची रीति जर बिल्ल्यांवर पक्की झाली नाहीं, तर आपल्या पदकांवरही ती पक्की होणार नाहीं.

जर्मन बिल्ले आपल्या प्रांतांत येण्यास एक मार्ग उघड आहे. इटलींतील लढाईंत मराठा पलटणी होत्या; नाईक यशवंत घाडगे यांस १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, व शिपाई नामदेव जाधव यांस ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या रणांगणावरील जर्मन छत्रीधारी पलटणी हवाई दलाचाच भाग होत्या, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें. तेव्हां परतलेल्या शिपायाच्या पेटींत असा बिल्ला निघणें असंभाव्य नाहीं. परंतु मार्ग संभाव्य असणें निराळें, आणि अमुक वस्तु त्या मार्गानें आली हें सिद्ध होणें निराळें. एवढ्याशा तोंडी परंपरेवर आपण सनद खरी मानीत नाहीं. मग बिल्ल्यालाच ही सवलत कां द्यावी?

आतां खुणांविषयीं. बर्लिनचा सी. ई. युंकर आपलें नांव व पत्ताही घालीत असे. ल्यूडेनशाइड येथील आस्मान आणि पुत्र यांची खूण वळणदार ‘ए’ अक्षराची. ‘बी. एस्. डब्ल्यू.’ म्हणजे व्हिएन्नाचे ब्र्यूडर श्नायडर, व ‘एफ्. एल्. एल्.’ म्हणजे ल्यूडेनशाइडचा फ्रीड्रिख लिंडेन. बर्लिनच्या इम्मे आणि पुत्र यांच्या खुणेंत आरंभींचें अक्षर ‘जे’ असें दिसतें. जर्मन मोठ्या अक्षरांत ‘आय्’ व ‘जे’ यांचा भेद पुष्कळदां पाळीत नसत, म्हणून या पेढीस ‘जिम्मे’ असें नांव देणारे संग्राहक निघाले! लिपीचा परिचय नसतां वाचन केल्यास काय होतें, हें मोडी वाचणारांस सांगावयास नको. यांशिवाय सन १९४१ नंतर पदककारांच्या संघानें सभासदांस क्रमांक दिले. त्यांपुढें ‘एल्’ हें अक्षर व तिरपी रेघ असे. सूव्हालचा ५८, युंकरचा १२, आस्मानचा ६४. हे क्रमांक दुकानांत विकावयाच्या मालासाठीं होते, कारण मिळालेल्या बिल्ल्याची दुसरी प्रत विकत घेण्याची सैनिकांस मुभा असे.

इतकें पाठ झालें म्हणजे कर्ता ठरला असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत तसें नाहीं. पोथीच्या शेवटची पुष्पिका पाहा. नकल करणारा पुष्कळदां मूळ प्रतीची पुष्पिका लेखकाचें नांव व शक यांसह जशीच्या तशी उतरवितो. त्यामुळें शके अमुकची म्हणून आलेली पोथी कागदावरून व अक्षरवळणावरून शंभर वर्षें अलीकडची निघते. ठशांतच कोरलेल्या खुणेचें तसेंच आहे. ठसा जोंवर टिकतो, तोंवर ती खूण प्रत्येक बिल्ल्यावर उठत राहते, मग युद्ध चालू असो वा संपलेलें असो.

म्हणून धातु, जोडणी व ठसा यांची साक्ष प्रथम घ्यावी. वैमानिकाचा बिल्ला, जो सन १९३५ मध्यें सुरू झाला, तो दोन भागांचा असतो: पानांचें वर्तुळ वेगळें, आणि त्यावर दोन रिबिटांनीं बसविलेला गरुड वेगळा. आरंभींचे बिल्ले तांब्याचा अंश अधिक असलेल्या पितळेचे, जर्मन सिल्व्हरचे वा ॲल्युमिनियमचे. युद्ध लांबलें तसे ते जस्ताचे होऊं लागले. जस्तावरील मुलामा टिकत नाहीं व वस्तु करडी पडते. तेव्हां आरंभींच्या वर्षांतील म्हणून दाखविलेला बिल्ला जस्ताचा असेल, तर तेथेंच थांबावें. पुढें रिबिटांचीं डोकीं, टांचणीची बिजागरी व आंकडी पाहावी. प्रत्येक कारखान्याची ठेवण त्याची स्वतःची असे. सर्वांत बळकट साक्ष मात्र ठशाच्या दोषांची. ठशास एकदां तडा गेला कीं नंतरच्या प्रत्येक वस्तूवर तो बारीक रेघ होऊन उमटतो, व पुढें वाढत जातो. शिवराई नाणीं गोळा करणारांस ही रीति नवी नाहीं. अक्षरांच्या ठेवणीवरून व ठशाच्या दोषांवरूनच ते एका ठशाचीं नाणीं एकत्र लावतात. या रीतीनें खूण नसलेल्या बिल्ल्यासही कर्ता मिळूं शकतो.

महागांवासारख्या ठिकाणीं राहून हें काम करणारास अडचण पडते ती अशी कीं, वस्तु थोड्या व छायाचित्रें पुष्कळ, आणि छायाचित्रांत दर्शनी बाजूच तेवढी असते. विक्रेत्यास गरुड दाखवावयाचा असतो. आपणांस पाठ पाहावयाची असते.

युद्धानंतर या कारखान्यांची गति सारखी झाली नाहीं, आणि कालनिर्णयास हाच मुद्दा सर्वांत उपयोगी आहे. गाब्लोन्ट्झचे जर्मन कारागीर सन १९४५ नंतर देशोधडीस लागले व त्यांपैकीं पुष्कळ बव्हेरियांत काउफबॉयरेनजवळ नवी वसाहत करून राहिले. ल्यूडेनशाइडचे कारखाने जागच्या जागीं राहिले. सन १९५७ च्या पश्चिम जर्मनीच्या कायद्यानें स्वस्तिकचिन्ह काढून जुनीं पदकें वापरण्यास परवानगी दिली, तेव्हां तशीं नवीं पदकें जुन्याच पेढ्यांनीं करून दिलीं. सूव्हालच्या कारखान्यांतून तर युद्धानंतर खास संग्राहकांसाठीं युद्धकालीन पदकांच्या प्रती निघत राहिल्या. म्हणजे ‘आर्. एस्.’ ही खूण खरी, कारखानाही खरा, आणि तरी वस्तु युद्धानंतरची, असा प्रसंग संभवतो. याला बनावट म्हणावें कीं न म्हणावें, हा शब्दच्छल आम्ही करीत नाहीं. युद्धांतील वस्तु म्हणून ती नोंदवूं नये, एवढेंच म्हणणें आहे.

आझाद हिंद पदकांच्या बाबतींत हा विचार विशेष जपून करावा लागतो. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद व शहीद-ए-भारत अशा या श्रेणी. रणांगणावरील कामगिरीसाठीं त्यांस तरवारी जोडलेल्या असत. बर्लिनच्या आझाद हिंद केंद्रांत काम केलेले ना. ग. गणपुले यांनीं सन १९५९ मध्यें सुभाषबाबूंच्या जर्मनींतील वास्तव्यावर इंग्रजींत पुस्तक लिहिलें, त्यावरून त्या मंडळींत मराठी मनुष्य होता हें दिसतेंच. अशा कोणाच्या नांवाशीं एखादें पदक जोडून दाखविणें सोपें आहे, आणि पाठीवरची सूव्हालची ओळख त्यास आधार म्हणून पुढें केली जाते. तो आधार पुरा नाहीं. पदक दिल्याचा कागद, निदान तें अंगावर असलेलें त्या काळचें छायाचित्र, सोबत पाहिजे. ज्यांच्या संग्रहीं असें पदक असेल, त्यांनीं त्याचें वजन, धातु, दोन्ही बाजूंचीं मोठीं छायाचित्रें व टांचणीचें स्वतंत्र चित्र त्रैमासिकाकडे पाठविल्यास ठशांचीं कुळें लावण्यास आरंभ करतां येईल. कागद नसलेलें पदक तोंवर ‘व्हिएन्ना, काल अनिश्चित’ या सदराखालींच ठेवावें.