यंत्रांचे दुभाषी

राज्यांचा इतिहास लिहिला जातो. पण दरबारात परक्या वकिलाचे बोलणे ज्यांनी समजावून दिले, त्या दुभाष्यांची नावे क्वचितच टिकतात. संगणकाच्या इतिहासातही असा एक दुर्लक्षित दुभाषी आहे. संगणकाची कार्यप्रणाली आणि त्याला जोडलेले छपाईयंत्र, माऊस वा कॅमेरा यांच्यात बोलणे घडवून आणणाऱ्या लहानशा आज्ञावलीला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. कार्यप्रणाली म्हणते, हे पान छाप. ड्रायव्हर ती आज्ञा त्या विशिष्ट यंत्राच्या संकेतांत उतरवून देतो. हा दुभाषी कोणाचा चाकर असावा, यंत्र विकणाऱ्याचा की ते वापरणाऱ्याचा, या प्रश्नाने एका मोठ्या चळवळीला चालना दिली.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या एका प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर छपाईयंत्र आले. ते वेगवान होते, परंतु त्यात कागद अडकत असे. पूर्वीच्या यंत्राच्या आज्ञावलीत रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरने अशी सोय केली होती, की कागद अडकताच छपाईची वाट पाहणाऱ्यांना पडद्यावर सूचना मिळे. नव्या यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता मात्र प्रयोगशाळेला मिळालीच नव्हती. ती ज्याच्यापाशी होती, अशा दुसऱ्या विद्यापीठातील संशोधकाकडे स्टॉलमन गेले. गुप्ततेचे वचन दिले असल्यामुळे त्याने ती देण्यास नकार दिला. दोष दिसत होता, उपाय ठाऊक होता. उणीव होती ती केवळ अनुमतीची. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त कार्यप्रणालीचा संकल्प जाहीर केला, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो स्टॉलमन यांनी सिद्ध केलेल्या परवान्याखाली आणला. हा गाभा कोणीही वाचावा, सुधारावा. मात्र सुधारून इतरांस देताना ती सुधारणाही खुली ठेवावी, अशी त्या परवान्याची अट आहे.

या काळी संगणकाच्या पाठीमागे नाना आकारांच्या खोबणी असत. कळफलकाची निराळी, छपाईयंत्राची निराळी. जानेवारी १९९६ मध्ये सात कंपन्यांनी मिळून एक सामाईक जोडणी प्रसिद्ध केली. तीच यूएसबी. तिच्या शिल्पकारांपैकी इंटेल कंपनीतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. या जोडणीत एका नियंत्रकावर १२७ उपकरणे चालू शकतात. उपकरण जोडताच संगणक त्याला ‘तू कोण?’ असे विचारतो; उपकरण आपल्या उत्पादकाचा आणि आपला क्रमांक सांगते, संगणक त्याला एक पत्ता देतो, आणि त्या क्रमांकांवरून किंवा उपकरणाच्या वर्गावरून योग्य तो ड्रायव्हर निवडला जातो.

लिनक्सच्या गाभ्यात यूएसबीची सोय १९९९ मध्ये आली आणि जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीत ती चांगली रुळली. तथापि खरी अडचण पुढेच होती. नियमग्रंथ सर्वांना उपलब्ध होता, पण पुष्कळ उत्पादक आपले उपकरण त्या ग्रंथाशी ताडून न पाहता, केवळ विंडोजवर चालते की नाही एवढेच पाहून बाजारात पाठवीत. उपकरणाची पहिली ओळख करून घेताना विंडोज आधी ६४ बाइट मागत असे; वास्तविक ते ओळखपत्र अवघ्या १८ बाइटांचे. काही उपकरणांना हीच रीत अंगवळणी पडली होती. वेगळ्या रीतीने विचारले की ती गप्प बसत. लिनक्सकारांनी अखेर दोन्ही रिती ठेवल्या: एक फसली, तर दुसरी.

दुसरे उदाहरण साठवणीच्या उपकरणांचे. संगणक विचारतो, तुझ्या शेवटच्या खणाचा क्रमांक काय? खणांची मोजणी शून्यापासून असल्याने शंभर खणांच्या उपकरणाने ९९ असे सांगावयास हवे. काही उपकरणे १०० सांगत. मग संगणक नसलेला खण वाचू पाही आणि उपकरण जागच्या जागी अडून बसे. असे दोष लिनक्समध्ये एका स्वतंत्र यादीत नोंदले जातात: उत्पादकाचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक आणि करावयाचा उपाय. दोष कळविणाऱ्याचे नावही तेथे पुष्कळदा आढळते. ज्याचे उपकरण बिघडले, त्या एकाने केलेली तक्रार अशा रीतीने पुढच्या सर्वांच्या उपयोगी पडते.

हे दोष सापडतात कसे? वैद्य नाडी पाहतो, तसा येथे तारेवरचा संवाद पाहावा लागतो. लिनक्समध्ये ‘यूएसबीमॉन’ नावाची सोय आहे. ती संगणक व उपकरण यांच्यातील प्रत्येक प्रश्नोत्तर टिपून ठेवते. कोणत्या प्रश्नानंतर मौन पडले हे त्या टिपणावरून उमगते. ज्या उत्पादकांनी आपले संकेत गुप्त ठेवले, त्यांच्या उपकरणांची भाषा अनेकांनी असेच संवाद ऐकून, अक्षर अक्षर जुळवून शिकून घेतली.

कालांतराने वारे फिरले. २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी कंपन्यांना जाहीर आवाहन केले: उपकरणाची माहिती द्या, ड्रायव्हर आम्ही विनामूल्य लिहून देऊ. २००९ मध्ये सारा शार्प यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरमुळे यूएसबीची तिसरी आवृत्ती हाताळणारी पहिली कार्यप्रणाली होण्याचा मान लिनक्सला मिळाला. इतरांच्या मागून चालणारे आता पुढे होते.

अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये लिनक्सचाच गाभा आहे. म्हणून हा इतिहास आपल्या खिशापर्यंत येऊन पोहोचतो. धडधाकट छपाईयंत्र नव्या संगणकावर चालेनासे होते आणि भंगारात जाते, तेव्हा पुष्कळदा यंत्राचा एकही भाग झिजलेला नसतो. उत्पादकाने त्याचा दुभाषी परत बोलावलेला असतो. ड्रायव्हरची संहिता खुली असेल, तर उत्पादकाची इच्छा संपल्यावरही ते यंत्र चालते ठेवण्याची वाट कोणा जाणकाराला मोकळी राहते. विकत घेतलेल्या वस्तूवर आपला हक्क किती, याचा निर्णय त्या लहानशा आज्ञावलीपाशीच होत असतो.