छोटी लाईन, मोठी लाईन आणि दादाचा कॉम्प्युटर

दिवाळीला चुडाव्याला गेलो की फराळाच्या आधी माझ्यासमोर कुणाचा तरी बंद पडलेला मोबाइल येतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे सगळ्या यंत्रांचा डॉक्टर, असा गावात समज आहे. २०२५च्या दिवाळीत मात्र चुलतभाऊ मला थेट त्याच्या दुकानात घेऊन गेला. स्टेशनच्या वाटेवर दादाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्तीचे अर्ज, अंगठा लावून बँकेतले पैसे काढून देणं, सगळं एकाच अकरा वर्षांच्या डेस्कटॉपवर चालतं. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी बटण दाबून दादा झाडलोट करतो, उदबत्ती लावतो, तोवर कॉम्प्युटर सुरू होतो.

"नवं घेऊ का ह्यालाच काही करून बघू?" त्यानं विचारलं. "नवं चाळीस हजार सांगायलेत."

पुण्यात ऑफिसमधल्या कुणी विचारलं असतं तर मी "नवा घे" म्हणून मोकळा झालो असतो. पण दादाला धाकटीच्या वसतिगृहाची फी त्याच महिन्यात भरायची होती. शिवाय आणखी एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आठवड्यापूर्वीच, १४ ऑक्टोबर २०२५ला, विंडोज १०ची मुदत संपली होती. म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता, पण त्यातल्या नव्यानं सापडणाऱ्या त्रुटींवर नेहमीसारखी दुरुस्ती येणार नव्हती. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. दादाचा चौथ्या पिढीचा.

"पण हे तर चालतंय की," दादा म्हणाला.

चालतंय, हे खरं होतं. आणि चालणारं यंत्र निकामी कसं ठरतं, याचा नमुना त्याच्या दुकानासमोरूनच जातो.

पूर्णा आणि नांदेडच्या मधलं आमचं स्टेशन ज्या मार्गावर आहे, तो निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे, मनमाड ते सिकंदराबाद. रूळ मीटर गेजचे, म्हणजे दोन रुळांमध्ये १,००० मिलिमीटर अंतर. मनमाडला मुंबईची मोठी लाईन १,६७६ मिलिमीटरची. त्यामुळे मनमाडला माणसांनी गाडी बदलायची आणि मालाची पोती एका डब्यातून दुसऱ्यात टाकायची. नव्वदच्या दशकात आमच्याकडे मोठी लाईन झाली. पूर्णेहून अकोल्याकडे जाणारा फाटा त्यानंतरही बरीच वर्षं छोटाच राहिला, तेव्हा हीच अदलाबदल पूर्णेला होऊ लागली.

माझा जन्म मोठ्या लाईनच्या वेळचा, त्यामुळे छोटीच्या गोष्टी मी घरच्या म्हाताऱ्यांकडूनच ऐकल्या. त्या बदलात धडधाकट इंजिनं आणि डबेही आमच्या मार्गाला निरुपयोगी झाले. त्यांच्यात बिघाड नव्हता, खालचा रूळ बदलला होता. मात्र मार्ग राहिला, स्टेशनं राहिली, गाडी चालवणारी आणि झेंडी दाखवणारी माणसं राहिली. माझ्या मते जुनं-नवंचा हिशेब इथून मांडायला हवा. जुनं किती चालेल, हा प्रश्न दुसरा. यातलं पुढे काय नेता येईल, हा पहिला.

आपल्याकडच्या कॉम्प्युटरच्या इतिहासातही हाच प्रश्न अगदी सुरुवातीला आला होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या काळात, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी एक कॉम्प्युटर स्वतः बांधला. १९५६ला छोटी चाचणी आवृत्ती चालली, १९६०ला पूर्ण यंत्र सुरू झालं. १९६२ला नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी स्मृती. आजच्या हिशेबानं ती सगळी स्मृती जेमतेम १० केबी भरते. दादाच्या दुकानात स्कॅन होणारा एक फोटोही त्यात बसणार नाही.

टिफ्रॅकचं दुर्दैव असं की तो तयार होईपर्यंत जगाचा रूळ बदलला होता. आयबीएमनं १९५९च्या ऑक्टोबरमध्येच १४०१ हे ट्रान्झिस्टरवर चालणारं यंत्र जाहीर केलं होतं. टिफ्रॅकमध्ये नळ्यांच्या जागी ट्रान्झिस्टर खुपसता येत नव्हते. व्होल्टेजपासून मंडलांपर्यंत सगळंच वेगळं. संस्थेनं दुसरी वाट धरली. १९६४ला अमेरिकेतल्या कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी ३६०० आणला आणि थोड्याच काळात टिफ्रॅक थांबवला. नव्या यंत्रावर देशभरातल्या संस्थांची गणितं होऊ लागली. टिफ्रॅकमधली नळी नव्या यंत्रात जाणार नव्हती. पण तो बांधताना आणि त्यावर प्रोग्रॅम लिहिताना माणसं जे शिकली, ते पुढे गेलं.

त्याच काळातली दुसरी गोष्ट उलटी आहे. आयबीएम भारतात यंत्रं विकण्यापेक्षा भाड्यानं देत असे. परदेशात वापरून झालेली १४०१ यंत्रं इथं आणायची, दुरुस्त करायची आणि भाड्यानं लावायची, असा तो व्यवहार होता. कंपनीनं १४०१ची विक्री १९७१ला थांबवली, तरी आपल्याकडे ती यंत्रं पुढेही चालत राहिली. जुनं यंत्र वापरण्यात कमीपणा नाही. ते कधी बदलायचं हे दुसऱ्यानं ठरवण्यात अडचण आहे. मग १९७३चा परकीय चलन नियमन कायदा आला. परदेशी भांडवल ४० टक्क्यांवर आणण्यावरून बोलणी फिसकटली आणि १९७८ला आयबीएम देशाबाहेर गेली.

यंत्रं मात्र इथंच होती आणि ती सांभाळायची कुणी, हा प्रश्न होता. ते काम सरकारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आलं. पुढे रेल्वेच्या आरक्षणाची संगणक प्रणाली याच सीएमसीनं उभारली. देखभाल करणारी कंपनी नवं घडवू लागली. इथंही जुन्या पेट्या पुढे गेल्या नाहीत, हातातलं कसब गेलं.

हे सगळं दादाला मी असं सांगितलं नाही. त्याच्यापुढे कागद ठेवला आणि दोन रकाने पाडले. पुढच्या यंत्रात जाईल ते एकीकडे, जाणार नाही ते दुसरीकडे. एसएसडी पुढे जाईल. मॉनिटर, प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र जाईल. डीडीआर-३ रॅम नव्या मदरबोर्डवर बसत नाही, म्हणून ती नवी कोरी न घेता वापरलेली, स्वस्तातली घ्यायची. प्रोसेसर बदलण्यावर तर एक रुपयाही घालायचा नाही.

लिनक्सचा विचार मी आधी केला होता. माझ्या स्वतःच्या जुन्या लॅपटॉपवर तेच आहे. पण दादाच्या अंगठ्याच्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालणारं आहे, आणि ते चाललं नाही तर त्याचं अर्धं दुकान बंद. माझी आवड त्याच्या पोटावर लादण्यात अर्थ नव्हता.

राहिला सुरक्षेचा प्रश्न. यंत्र फक्त दादाचं असतं तर एक वेळ चालवून घेतलं असतं. पण त्याच्यावर गावातल्या लोकांचे अंगठे लागतात. निराधार योजनेचे पैसे काढायला येणाऱ्या आजीला विंडोज म्हणजे काय, हे माहीत असण्याची गरज नाही. तिची काळजी दुकानदारानं घ्यायची. विंडोज १०ला सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक जादा वर्षाची मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती मी तिथंच बसून केली.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून २५६ जीबीची एसएसडी आणि वापरलेली ४ जीबी रॅम आणली. खर्च चार हजारांच्या आत. दादानं पेटी उघडल्यावर पंख्यात अडकलेली धूळ ब्रशनं काढली, तीही त्याच्याच हातानं काढायला लावली. स्क्रू कुठले काढायचे, केबल कुठली कुठे, हे त्यानं मोबाइलवर फोटो काढून ठेवलं. संध्याकाळी बटण दाबलं तेव्हा उदबत्ती पेटायच्या आत स्क्रीन उजळला.

"मग हे आता किती वर्षं?" दादानं विचारलं.

"एकच वर्ष," मी म्हणालो. "पुढच्या दिवाळीच्या आधी आठव्या पिढीच्या पुढचं घ्यायचं. ऑफिसांतून निघालेलं वापरलेलं चालेल. ही एसएसडी त्यात घालू."

त्यानं कॅलेंडरचं शेवटचं पान उलटून मागे तारीख लिहिली आणि खाली दर महिन्याला बाजूला टाकायची रक्कम. मग खुर्ची पुढे ओढली. बाहेर दोन पोरं शिष्यवृत्तीची कागदपत्रं घेऊन कधीची उभी होती.