अठरा सुविधांच्या यादीत नसलेलं मूल

गोसीखुर्दचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तर ते धरणामुळे. भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं हे वैनगंगेकाठचं गाव. २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी इथे इंदिरासागर प्रकल्पाचं भूमिपूजन केलं. खर्चाचा पहिला अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला. ही गोष्ट वर्तमानपत्रांनी पुष्कळदा सांगितली आहे. मला तिच्या शेजारची दुसरी गोष्ट सांगायची आहे.

भूमिपूजनाच्या साडेसहा महिने आधी, २ ऑक्टोबर १९८७ रोजी, बाल न्याय कायदा लागू झाला. निराधार आणि उपेक्षित मुलांची जबाबदारी सरकारची आहे, हे जवळजवळ सगळ्या देशासाठी पहिल्यांदाच एकाच कायद्यात लिहिलं गेलं. म्हणजे आमच्या भागात धरण आणि मुलांचा कायदा तसे पाठोपाठचेच. धरणाची भिंत उभी राहिली. कायद्याचं काय झालं हे समजून घ्यायला मात्र सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

१८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्यांच्या एका मित्राच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या विधवेने लोकलाजेपोटी आपलं बाळ मारलं होतं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. शिक्षा तिला झाली. ज्यांच्या भीतीने तिने हे केलं, त्यांना कुणी काही विचारलं नाही. पुढे १८८४ मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या टिपणांवर सरकारने मतं मागवली, तेव्हा जोतीरावांनी या गृहाचा हिशोबच सरकारपुढे ठेवला. तोवर ३५ विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या होत्या आणि त्यांच्या बाळांपैकी ५ जिवंत होती. गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी बाकीच्यांचा बळी घेतला, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. तीस मृत्यू कबूल करणारा हा हिशोब सरकारला सांगतो, की मूल आमच्या दारात पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. मदत त्याआधी पोहोचायला हवी. याच गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने दत्तक घेतलं आणि तो डॉक्टर झाला. वेळेवर दार उघडलं तर काय होतं, त्याचं हे उदाहरण.

कायदे यायला वेळ लागला. मुंबई प्रांताने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होतं. तिथला कायदा आला १९२८ मध्ये. प्रत्येक प्रांताचा कायदा वेगळा आणि अंमल त्याहून वेगळा. १९८०च्या दशकातही देशभरात सोळा वर्षांखालची मुलं तुरुंगात होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी ती शोधली, नोंदवली आणि सर्वोच्च न्यायालयात नेली. १९८६ मध्ये न्यायालयाने बजावलं, की मुलांना तुरुंगात ठेवू नका. राज्याराज्यांचे वेगळे कायदे असण्याऐवजी संसदेने एकच कायदा करावा. त्याच वर्षी तो झाला. पुढे १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून १०९८ ही हेल्पलाइन सुरू झाली. २००० आणि २०१५ मध्ये बाल न्याय कायदा नव्याने लिहिला गेला.

आता परत गोसीखुर्दला येऊ. इथे जमिनी मोजल्या गेल्या. घरं, विहिरी, आंब्या-मोहाची झाडं, सगळ्यांची किंमत ठरली. २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं. नव्या गावठाणात १८ नागरी सुविधा हव्यात, ही ओळ तर आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहे. रस्ते, नाल्या, पिण्याचं पाणी, शाळा, समाजमंदिर, बसथांबा, स्मशानभूमी. मेलेल्या माणसाची सोय यादीत आहे. आईबाप कामाला परगावी गेल्यावर मागे राहिलेल्या पोरीकडे कोण बघणार, हे यादीत नाही.

जुन्या गावात हे काम कुणी न नेमता होत असे. रोवणीला बाया गेल्या की आळीतली एखादी म्हातारी दहा पोरं सांभाळायची. कोणाचं पोर शाळेत दिसत नाही, कोणाच्या घरी रात्री मारहाण होते, हे सगळ्यांना ठाऊक असे. गावाची ठिकाणं बदलली, आळ्या विस्कटल्या, शेती गेली, हातात एकदम रोख पैसा आला. ती म्हातारी एका गावठाणात गेली आणि पोरं दुसऱ्या.

पण गावाची नजर नेहमी मायेचीच असते, असं मी म्हणणार नाही. फुल्यांच्या दारात आलेल्या विधवा याच नजरेला घाबरून आल्या होत्या. त्याच नजरेसमोर बालविवाह होतात आणि पंगतीही उठतात. म्हणूनच शेजाऱ्याच्या चांगुलपणावर मूल सोडता येत नाही. तिथे जबाबदार यंत्रणा लागते.

यंत्रणा कागदावर आहे. जिल्ह्याला बालकल्याण समिती आहे. तिने महिन्यातून किमान २० दिवस बसावं असं कायदा सांगतो. संकटातलं मूल २४ तासांत तिच्यासमोर न्यायचं असतं. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. गावात सरपंच, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील यांची ग्राम बाल संरक्षण समिती असते. २०२१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्यांना देखरेखीचे जादा अधिकार मिळाले. तुमच्या गावच्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारून बघा. उत्तरातच सगळं कळेल.

सरकारला जाग येते ती घटनेनंतर. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली आणि मग राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करायचे आदेश निघाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मग शाळांमधल्या सुरक्षेची चर्चा सुरू झाली. आधी मूल, मग आदेश. हा क्रम उलटा व्हायला हवा.

म्हणून मंत्री, आमदार आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. बाल संरक्षण कक्षातली माणसं कंत्राटावर राबतात. त्यांना कायम पदं द्या आणि प्रत्येक तालुक्यात एक तरी पूर्णवेळ माणूस नेमा. ग्राम बाल संरक्षण समितीचा अहवाल प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, अर्थात कुठल्याही मुलाचं नाव न घेता. आणि पुनर्वसनाच्या १८ सुविधांत एकोणिसावी जोडा: गावातल्या मुलांची नोंद ठेवणारी, घरी जाऊन चौकशी करणारी, पगारी, उत्तरदायी व्यक्ती.

यातली पहिली आणि तिसरी मागणी सरकारच्या हातात आहे. दुसरी तुमच्याही हातात आहे. अठरा वर्षांचे झालात आणि गावच्या मतदार यादीत नाव आलं, की तुम्ही ग्रामसभेचे सदस्य असता. पुढच्या सभेला जा आणि उभं राहून तो अहवाल मागा. जोतीरावांनी मेलेल्या बाळांचाही हिशोब सरकारपुढे ठेवला होता. आपल्याला निदान जिवंत असलेल्यांचा मागता यायला हवा.